नोंदवहीतली खूण

हा लेख आम्ही दोघे भाऊ मिळून लिहीत आहोत. पेन एकाच्या हातात आहे. दुसरा समोर स्टुलावर बसून ऐकतो आहे आणि मधूनमधून अडवतो आहे. श्रीवर्धन तालुक्यात रस्त्याच्या कडेला आमचे पत्र्याचे गॅरेज आहे. ते अब्बांनी टाकले. शाळा सुटली की दप्तर घरात फेकून आम्ही तिथेच जायचो, आणि पुढे तिथेच राहिलो. बोर्ड एक, गल्ला एक, त्यामुळे गिऱ्हाईकही आम्हाला एकच माणूस समजते. "हे काम तुम्हीच केलं होतं ना?" असे कोणी विचारले की दोघांपैकी जो समोर असेल तो म्हणतो, "हो, आम्हीच." या 'आम्ही'त मोठी सोय आहे. काम चांगले झाले तर कौतुक दोघांचे. बिघडले तर बोट नेमके कोणाकडे दाखवायचे ते कळत नाही. या सोयीचा आम्ही एकदा फायदा घेतला. त्याचीच ही हकीकत आहे.

अब्बांचे नाव झाले ते टू-स्ट्रोक इंजिनांमुळे. यामाहाची आरएक्स-१०० आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ पर्यंत बनत होती. ९८ सीसीचे इंजिन आणि ताकद अकरा हॉर्सपॉवर. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या पोरांना तीच गाडी हवी असायची, आणि अकरा हॉर्सपॉवर त्यांना पुरायचे नाहीत. मग ती पोरे अब्बांकडे यायची. अब्बा ब्लॉक खोलायचे, खिडक्या घासायचे, आणि चार दिवसांनी तीच गाडी घाटात वेगळ्याच आवाजात ओरडत जायची.

खिडक्या म्हणजे काय, ते सांगायला हवे. फोर-स्ट्रोक इंजिनात हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला व्हॉल्व्ह असतात. साध्या टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीलाच भोके असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना तीच भोके उघडतो आणि झाकतो. दारही तोच, राखणदारही तोच. एका पोर्टमधून पेट्रोल-हवा पिस्टनच्या खालच्या पोकळीत येते. पिस्टन खाली आला की ती दाबली जाते आणि बाजूच्या ट्रान्स्फर पोर्टमधून वर चढते. तिसऱ्या, एक्झॉस्टच्या पोर्टमधून जळलेला धूर निघून जातो. ही बिनव्हॉल्व्हची करामत जुनी आहे. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डे याने पोकळीत हवा दाबणारे टू-स्ट्रोक इंजिन काढले, आणि १८९२ साली त्याच्याच कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक या कामगाराने आत येणारी हवाही पिस्टनच्याच कडेने उघडझाक करण्याची युक्ती शोधली.

त्या खिडक्यांची उंची, रुंदी आणि वळण बदलले की इंजिनाचा स्वभाव बदलतो. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचा वॉल्टर काडेन याने खिडक्या आणि सायलेन्सर यांचा मेळ घालून १९६१ साली १२५ सीसीच्या इंजिनातून पंचवीस हॉर्सपॉवर काढले. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला. सोबत ही विद्याही गेली. ती सुझुकीला मिळाली आणि १९६२ साली सुझुकीने ५० सीसी गटातली जागतिक स्पर्धा जिंकली. अब्बांनी काडेनचे नाव कधी ऐकले नव्हते. त्यांची विद्या हाताची होती. पण नियम तेच होते.

अब्बांचा पहिला नियम: "काढलेला लोखंड परत बसत नाय." एक्झॉस्टच्या खिडकीचे छत एक मिलिमीटर वर नेले तर ती साधारण अडीच-तीन अंश आधी उघडते आणि तेवढीच उशिरा मिटते. म्हणजे एका मिलिमीटरमागे पाच-सहा अंशांचा फरक. एवढ्याने इंजिन चढ्या फेऱ्यांत ताकद देते, पण खालच्या फेऱ्यांत मरगळते. दुसरा नियम रुंदीचा. खिडकी बोअरच्या दोन-तृतीयांशाहून कमीच रुंद ठेवायची, नाहीतर पिस्टनची रिंग फुगून खिडकीत शिरते आणि तुटते. घासून झाल्यावर कडा बोटाला लागणार नाही इतकी गोल करायची. तिसरा नियम वहीचा. किती अंश होते, किती केले, स्क्विश किती राहिली, ते सगळे लिहून ठेवायचे. स्क्विश म्हणजे पिस्टन अगदी वर असताना त्याच्या कडेच्या आणि हेडच्या मध्ये उरणारी फट. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालायची, इंजिन एकदा फिरवायचे आणि चेपलेली तार मोजायची.

वहीतला शेवटचा रकाना 'पंप' असा होता. इंजिन जोडून झाले की त्याची सगळी तोंडे सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून बंद करायची, एका भोकातून हवा भरायची आणि कुठून गळते का ते पाहायचे. अब्बांनी त्यासाठी एका डॉक्टरांकडून रक्तदाब मोजायचे जुने यंत्र मागून आणले होते. फुगा दाबत काटा अडीचशेवर न्यायचा, विडी पेटवायची, ती संपेपर्यंत काटा हलता कामा नये. हलला नाही की रकान्यात बरोबरची खूण. टू-स्ट्रोकमध्ये कुठूनही चोरून हवा शिरली तर पेट्रोलचे प्रमाण कमी पडते. जिथे तेल पेट्रोलमधूनच येते तिथे तेही कमी पडते. इंजिन तापते, आपोआप फेऱ्या घेऊ लागते आणि शेवटी पकडते. म्हणून काटा.

२०१४ साली अब्बा गेले. विड्या तेव्हाही त्यांच्या खिशात होत्या. वही आम्ही पुढे चालू ठेवली. दोघांचे अक्षर वेगळे आहे, पण बरोबरची खूण सारखीच, अब्बांसारखी, शेपटी लांब ओढलेली.

आरएक्स-१०० कमी होत गेल्या आणि आमच्याकडे लाकूड कापायची मशीन येऊ लागली. आमच्याकडे त्यांना कटर म्हणतात. तीही टू-स्ट्रोकच. पण मोटरसायकलची विद्या कटरला जशीच्या तशी लागू पडत नाही. ते शिकायला आम्ही दोन ब्लॉक भंगारात घातले. आरएक्सच्या ब्लॉकमध्ये बिडाची बाही असते, ती घासता येते. कटरच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून कडक धातूचा पातळ मुलामा असतो. ग्राइंडर बेफिकिरीने फिरवला की खिडकीच्या कडेला त्याचा टवका उडतो, आणि मग रिंग तिथे अडकून सिलिंडर संपतो. दुसरे म्हणजे मोटरसायकलला लांब सायलेन्सर असतो, त्याच्या आकाराने ताकद वाढवता येते. कटरला नुसता डबा. तिथे एक्झॉस्टचे छत फार वर नेले तर साखळी हवेत सणसणत फिरते आणि लाकडात घातली की थांबते. पहिला ब्लॉक आम्ही असाच घालवला. गिऱ्हाईक म्हणाले, "हवेला कापायचं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

मग हळूहळू कळत गेले. आधी डब्याचे तोंड मोकळे करायचे. कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. खिडक्यांमधली ओतकामाची ओबडधोबड कड साफ करायची. आत येणाऱ्या वाटेचा तळ थोडा उतरवायचा. एक्झॉस्टला हात लावायचा तो जपून. सिलिंडरखालचे गॅस्केट काढून फट कमी केली की दाब वाढतो. पण ब्लॉक खाली बसतो, त्याबरोबर एक्झॉस्टची खिडकीही खाली येते, तेवढी ती परत वर घ्यावी लागते. शेवटी कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा सोडून पेट्रोल वाढवायचे. पूर्ण रेस दिल्यावर हवेत किंचित अडखळणारा आणि लाकडात शिरताच साफ होणारा आवाज आला की जमले. कंपन्या एवढे आपणच का करत नाहीत, असे लोक विचारतात. त्यांना धुराचे आणि आवाजाचे कायदे सांभाळायचे असतात, आणि हजारो मशीन एका साच्यातून काढायची असतात. एकेका खिडकीपाशी बसायला त्यांना वेळ नाही. आम्हाला असतो. निदान असायला हवा.

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. ताशी एकशे दहा-वीस किलोमीटरचा वारा होता. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत झोपल्या. आजोबांनी लावलेली पोफळ नातवाच्या अंगणात आडवी. लॉकडाऊनचे दिवस, वीज गेलेली, फोन बंद, रस्त्यांवर झाडे, घरांवर झाडे. त्या दिवसांत ज्याच्या हातात कटर तो राजा होता. आणि कटर बंद पडला की सगळे आमच्या दारात. जनरेटरवर दिवे लावून आम्ही रात्री उशिरापर्यंत काम करत होतो.

त्यात तो आला. नाव लिहीत नाही. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. नारळावर चढून नारळ पाडणारा माणूस, आमच्याहून दोन-चार वर्षांनी मोठा. चढायला झाडेच उरली नाहीत म्हणून त्याने मेहुण्याचे ५८ सीसीचे मशीन घेतले आणि कापायचे काम धरले. नारळाचे खोड कापणे म्हणजे साखळीची परीक्षा. बाहेरून कडक, आत चिवट काथ्यासारखे धागे, आणि धार बघता बघता जाते. तो म्हणाला, "भाई, दिवसाला चार घरं मोकळी होतात, सहा व्हायला पायजेत. लोक पावसात बसलेत. मशीनचा जोर वाढवून द्या."

त्याची घाई खरी होती. आमचीही. दोन दिवसांत आम्ही ते मशीन केले. डबा मोकळा केला, खिडक्या साफ केल्या, गॅस्केट काढून त्या जागी सीलंटचा पातळ थर दिला, स्क्विश अर्ध्या मिलिमीटरवर आणली. सीलंटला रात्रभर सुकू द्यायचे असते. आम्ही तीन तास दिले. संध्याकाळी दारात पडलेल्या आंब्याच्या फूटभर ओंडक्यात मशीन घातले. आधी अठरा सेकंद लागत होते, आता चौदा लागले. बघायला जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. खोटे कशाला सांगा, आम्हालाही फुगल्यासारखे झाले.

वहीत त्या दिवशीच्या ओळीत सगळे आकडे आहेत. 'पंप'च्या रकान्यात बरोबरची खूण आहे, शेपटी लांब ओढलेली. पण त्या दिवशी पंप लावलाच नव्हता.

चौथ्या दिवशी तो एका घरामागे काम करत होता. एक कापा संपवून त्याने रेस सोडली आणि मशीन बाजूला धरून आडव्या खोडावरून पलीकडे पाय टाकला. रेस सोडली की इंजिन मंदावते, क्लच सुटतो आणि साखळी थांबते. साखळी थांबली नाही. ती फिरत राहिली आणि त्याच्या उजव्या घोट्याच्या वर लागली. रस्ते अजून नीट मोकळे नव्हते, त्याला दवाखान्यात न्यायला दुप्पट वेळ लागला. जखम भरली, पण स्नायू कापला गेला होता. पाय पूर्वीसारखा वाकत नाही. आणि झाडावर चढणाऱ्याचे सगळे त्या पायावर असते.

गावाने निकाल लगेच दिला: ब्रेक लावला नाही. कटरला हाताच्या पुढे साखळीचा ब्रेक असतो, चालताना तो पुढे ढकलायचा असतो. त्याने ढकलला नव्हता, हे खरेच. पायात स्लिपर होती, हेही खरे. "निष्काळजी माणूस," लोक म्हणाले. आम्हीही मान हलवली.

मेहुण्याने मशीन आमच्याकडे आणून टाकले, "इंजिन आपोआप रेस घेतं" म्हणाला. आम्ही खोलले. पिस्टनचा एक्झॉस्टकडचा भाग खरचटलेला, प्लग पांढराफटक. आणि सिलिंडरच्या बुडाशी, एका स्टडजवळ, सीलंटचा थर तुटलेला. तिथून हवा शिरल्याचा काळा माग. काट्याने हे पाच मिनिटांत सांगितले असते. आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही. जागा साफ केली, नवे गॅस्केट घातले, नवी रिंग टाकली आणि मशीन परत केले. पैसे घेतले नाहीत. मेहुणा म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं नाहीत." ते ऐकूनही आम्ही गप्प राहिलो.

पुढे एकमेकांतही या विषयावर बोललो नाही. मनात मात्र सबबी तयार होत्या. वीज नव्हती. पण फुग्याला वीज लागत नाही. रांग होती. पण अब्बांच्या वेळीही असायची. खूण कोणी केली? आमच्यापैकी एकाने केली, दुसरा पंप लावून मोकळा झाला असेल असे समजून. दुसऱ्याने ती पाहिली आणि पहिल्याने पंप लावला असेल असे समजून मशीन दारात नेले. आम्ही हे असेच ठेवले होते. 'आम्ही'च्या आड दोघेही लपलो होतो आणि तिथे जागा पुरेशी होती.

दोन वर्षे अशी गेली. तो लंगडत नाक्यावर यायचा. कापायच्या कामालाही त्याला कोणी बोलवत नव्हते. निष्काळजी म्हणून शिक्का बसला होता. त्याची बायको दुसऱ्यांच्या वाड्यांत रोपे लावायला जात होती. २०२२ च्या पावसाळ्याआधी एका नव्या पोराला काम शिकवायचे म्हणून आम्ही ती वही काढली. "हा रकाना कशाचा?" त्याने विचारले. आमच्यातल्या एकाने सांगितले. पोराने सहज त्याच पानावर बोट ठेवले, "म्हणजे या मशीनचा काटा हलला नव्हता." कोणीच उत्तर दिले नाही. त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोन वर्षांत पहिल्यांदा बोललो. खूण कोणी केली ते आता आम्हाला दोघांना माहीत आहे. इथे लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. एकाचे नाव लिहिले की दुसरा सुटतो, म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. आम्ही चहाला हात लावायच्या आधी सांगून टाकले: गॅस्केट, सीलंट, पंप, खूण, नंतर गुपचूप केलेली दुरुस्ती, सगळे. जमवलेले काही पैसेही पाकिटात नेले होते. तो बराच वेळ पायाकडे बघत बसला. वहिनी दारात उभ्या होत्या. त्याच आधी बोलल्या, "दोन वर्षं मी यांना बोलतेय. रोज. ब्रेक का नाही लावला म्हणून."

तो म्हणाला, "पैसे राहू देत इथे, लागतीलच. पण मला हे नको, दुसरं पायजे. हे जे इथं बोललात ते नाक्यावर बोला. सकाळी, सगळे असताना."

पैसे देणे सोपे होते. त्या रात्री आम्ही नीट झोपलो नाही. गॅरेज म्हणजे विश्वास. तो गेला की पत्र्याचे चार तुकडे उरतात. सकाळी चहाच्या टपरीवर ठेकेदार होते, रिक्षावाले होते, वाडीवाले होते. तो बाकावर बसला होता. आम्ही उभे राहून सांगितले. एक रिक्षावाला हसला. एका वाडीवाल्याने त्याच दिवशी आमच्याकडे दुरुस्तीला टाकलेले त्याचे मशीन उचलून नेले, आणखी दोन-तीन गिऱ्हाइके त्या महिन्यात गेली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तुमचे वडील असते तर ही पाळी आली नसती." त्यावर बोलायला आमच्याकडे काही नव्हते. तेव्हा तोच बाकावरून म्हणाला, "ब्रेक मी लावला नव्हता, ते पण खरं. तेवढं माझं. बाकीचं यांचं."

पाऊस उघडल्यावर एका ठेकेदाराने त्याला कापायच्या कामावर घेतले. चढायचे काम नाही. ते आता कधीच नाही.

वहीत आता 'पंप'च्या रकान्यात खूण चालत नाही. किती वाजता काटा कुठे होता आणि सकाळी कुठे राहिला, ते लिहायचे, आणि खाली दोघांच्या पूर्ण सह्या. मशीन रात्रभर तसेच टांगून ठेवतो. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला दुसरे गॅरेज दाखवतो.

गेल्या वर्षी तो स्वतःचे मशीन घेऊन आला. नवे होते, चालत नीट होते. आम्ही विचारले, काय झाले? तो जरा ओशाळून म्हणाला, "ते तेव्हाचं मशीन भाई, कापत मात्र झकास होतं. तसं पुन्हा करता येईल का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. नाही म्हणावेसे वाटत होते. पण ते नाही त्याच्या भल्यासाठी असते की आमच्या, हे ठरवता आले नाही. शेवटी त्याला सांगितले की डबा मोकळा करू, खिडक्या साफ करू, गॅस्केटला हात लावणार नाही, आणि चार दिवस लागतील. तो हो म्हणाला. चौथ्या दिवशी सकाळी शटर वर करण्याआधीच तो पायरीवर येऊन बसला होता. आत आला आणि मशीनकडे न बघता सरळ टांगलेल्या डायलपाशी गेला. चष्मा पुसून त्याने काटा पाहिला. मग वही मागितली आणि रात्रीचा आकडा स्वतः वाचून पाहिला.